क्रोन्स : औषधं की ऑपरेशन? ठरवायचं कसं

क्रोन्स म्हणजे आतड्याला पुन्हा पुन्हा सूज आणणारा, कायम सोबत राहणारा आजार. त्याच्या पेशंटला भेटायला येणारा प्रत्येक जण एकच विचारतो, "ऑपरेशन टळेल ना?" विचारणाऱ्याच्या डोक्यात पायऱ्या पक्क्या असतात. आधी गोळ्या, मग इंजेक्शनं, मग सलाइनमधून द्यायची भारी औषधं आणि सगळं हरलं की नाइलाजाने पोट उघडायचं. माझी ताईही हेच म्हणाली होती, "इतकी वेळ आली का गं तुझ्यावर?" वेळ वगैरे काही आली नव्हती. माझ्या आतड्याच्या त्या विशिष्ट तुकड्यासाठी त्या महिन्यात तोच बरा उपचार होता. तसाच तुकडा वेगळ्या अवस्थेत असता, तर मीच औषधावर अडून बसले असते.

माझा आजार लहान आतड्याच्या अगदी शेवटी, जिथे ते मोठ्या आतड्याला मिळतं तिथला. क्रोन्सची ही सगळ्यात लाडकी जागा. स्टेरॉइड, अ‍ॅझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी), इन्फ्लिक्सिमॅब (सलाइनमधून द्यायचं भारी औषध) हे सगळं घेऊन झाल्यावर मी तो भाग काढून टाकला आणि औषध अजूनही घेतेच आहे. मी डॉक्टर नाही. हिशेब तपासायचं काम करते, त्यामुळे कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची खोड आहे. डॉक्टरांसमोर बसताना आपल्या हातात काय असावं आणि काय विचारावं, एवढ्यापुरतंच हे लिहिणं आहे.

आधी रिपोर्ट वाचा, तोही पूर्ण

एमआर एंटेरोग्राफीचा (आतड्याच्या एमआरआयचा) किंवा सीटीचा रिपोर्ट आला की आपण तळाचा निष्कर्ष वाचतो आणि कागद लिफाफ्यात घालतो. तसं करू नका. पेन्सिल घेऊन बसा. आजार किती सेंटिमीटर लांबीचा आहे, एकाच जागी आहे की तुकड्यातुकड्यांत, बाजूला गळू किंवा फिस्टुला (आतड्याला फुटलेली भलतीच वाट) दिसतोय का, या शब्दांखाली रेघ मारा. आणि 'प्रीस्टेनोटिक डायलटेशन' किंवा 'प्रॉक्सिमल डायलटेशन' असं काही दिसलं, तर त्याखाली दोन रेघा. अरुंद जागेच्या अलीकडचं आतडं फुगलंय, असा त्याचा अर्थ. म्हणजे पुढची वाट चिंचोळी झाल्यामुळे ते बराच काळ जोर लावून ढकलतंय. माझ्या रिपोर्टात हे शब्द मधल्या एका परिच्छेदात होते, निष्कर्षात मात्र नव्हते.

औषध की ऑपरेशन याचं निम्मं उत्तर एका प्रश्नात आहे: आतडं अरुंद झालंय ते सुजेने की व्रणाने, म्हणजे भरलेल्या जखमेच्या राठ वणाने? सूज असेल तर ती औषधाने उतरू शकते आणि वाट मोकळी होऊ शकते. भाजलेली कातडी बरी होताना आखडून राठ होते, तशी आतड्याची भिंत आखडली असेल, तर सूज उतरवणारं औषध तिथे काय करणार?

पंचाईत अशी की बहुतेक अरुंद जागांमध्ये दोन्हींची सरमिसळ असते आणि कोणतंही मशीन त्याचं अचूक प्रमाण काढून देत नाही. म्हणून आजूबाजूचे पुरावे जमवावे लागतात. रक्तातला सीआरपी आणि मलातला कॅलप्रोटेक्टिन, हे सूज दाखवणारे दोन आकडे, वाढलेले असतील, तर सूज चालू आहे असं मानायला जागा असते. दोन्ही बऱ्यापैकी ताळ्यावर आहेत आणि तरीही जेवणानंतर पोटात कळा येतात, पोट टम्म फुगतं, आतून मोठमोठ्याने गुडगुडतं आणि एकदम काहीतरी पुढे सरकून सुटल्यासारखं वाटतं, असं असेल तर व्रणाची शंका घ्या. माझ्या पोटाचा आवाज ऑफिसात पलीकडच्या टेबलापर्यंत जायचा. तिथली मुलगी बिचारी फाइल वाजवून तो झाकायची.

यासाठी रोजनिशी ठेवा, पण मोठी नको. जेवलात कधी, कळ आली कधी, उलटी झाली का, शौचाला किती वेळा जावं लागलं. चार रकाने पुरे. 'मला खूप त्रास होतो' यापेक्षा 'घन अन्न खाल्लं की तासाभरात कळ येते, पातळ घेतलं की येत नाही' हे वाक्य डॉक्टरांना कितीतरी जास्त सांगतं.

आतडं अरुंद झालंय म्हणजे कापायलाच हवं असंही नाही. फ्रान्समध्ये लहान आतडं अरुंद होऊन त्रास सुरू झालेल्या ९७ पेशंटांना अडालिमुमॅब (इन्फ्लिक्सिमॅबच्याच जातीचं इंजेक्शन) देऊन पाहिलं. २४ आठवड्यांनी ६४ टक्क्यांना त्याचा उपयोग झालेला होता. या यशस्वी ठरलेल्यांपैकी साधारण निम्म्यांचं पुढे चार वर्षांपर्यंत तसंच टिकलं. त्रास नुकताच सुरू झालाय, अरुंद भाग लांबलचक नाही, अलीकडचं आतडं फार फुगलेलं नाही, फिस्टुला नाही, अशांना यश जास्त. शिवाय अरुंद भाग पाचेक सेंटिमीटरच्या आत असेल, कोलोनोस्कोप (गुदद्वारातून आत घालायची दुर्बीण) तिथवर पोचत असेल आणि शेजारी गळू-फिस्टुला नसेल, तर आतून फुगा फुगवून वाट रुंद करता येते. पुन्हा पुन्हा करावं लागतं आणि आतड्याला भोक पडायचा थोडा धोका असतो, पण काही जणांची बरीच वर्षं त्यावर निभतात. औषध आणि ऑपरेशन यांच्यामधला हा पर्याय डॉक्टरांनी काढला नाही, तर तुम्ही काढा.

जिथे फार विचार करायचा नसतो

आतडं फुटून आतलं सगळं पोटात पसरलं, आतडं पूर्ण बंद झालं आणि नळी-सलाइनने सुटेना, रक्तस्राव थांबेना, कॅन्सर किंवा त्याच्या आधीच्या पेशी सापडल्या, तर वही बंद करा आणि सर्जनचं ऐका. पोट दगडासारखं कडक, ताप, सतत उलट्या, वारा आणि शौच दोन्ही बंद, यांपैकी काही दिसलं तर रात्र काढायची नाही, थेट इमर्जन्सीला जायचं.

गळूची गोष्ट थोडी वेगळी. पोटात पू साठलेला असताना घाईने आतडं कापण्यापेक्षा, शक्य असेल तर सोनोग्राफी किंवा सीटीवर बघत सुईने नळी घालून पू काढतात, अँटिबायोटिक देतात, अंगात ताकद येऊ देतात आणि मग निवांत ठरवतात. गळू भरलेलं असताना अँटी-टीएनएफ औषध (इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅब या जातीचं) नव्याने सुरू करणं धोक्याचं, कारण ते शरीराची लढायची ताकदच कमी करतं.

उलट बाजूला काही पोटं अशी असतात की तिथे सर्जनही हात आखडता घेतो. आजार लहान आतड्यात लांबवर पसरलाय, मध्ये मध्ये आजाराची बेटं आहेत किंवा आधीच दोन ऑपरेशनं होऊन आतडं कमी उरलंय. लहान आतडं दोन मीटरपेक्षा कमी उरलं की अन्नपाणी पुरेसं शोषलं न जाण्याची भीती सुरू होते. तिथे औषधावर शेवटपर्यंत जोर लावतात.

गुदद्वाराजवळच्या फिस्टुलाला तर ही लढत लागूच नाही. तिथे दोन्ही लागतं. सर्जन पू निघायला वाट करून, ती बुजू नये म्हणून सेटॉन नावाचा दोरा बसवतो आणि पोटरोगतज्ज्ञ औषध चालू करतो.

खरा पेच : छोटा तुकडा, औषध चालेल, ऑपरेशनही चालेल

इथे दोन अभ्यास माहीत असलेले बरे. पहिल्याचं नाव लिरिक. नेदरलँड्स आणि ब्रिटनमधल्या रुग्णालयांनी मिळून केला, २०१७ साली प्रसिद्ध झाला. १४३ पेशंट, सगळ्यांचा आजार लहान आतड्याच्या शेवटी, ४० सेंटिमीटरच्या आत, नेहमीच्या औषधांनी तीन महिन्यांत फरक न पडलेला. चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी करून काहींना इन्फ्लिक्सिमॅब दिलं, काहींचा तेवढा तुकडा दुर्बिणीने काढला. वर्षानंतर दोन्ही गटांची तब्येत आणि रोजचं जगणं यांत सांगण्यासारखा फरक नव्हता. पुढे त्यांतल्या १३४ जणांचा साधारण पाच वर्षं माग ठेवला. ऑपरेशनवाल्या ६९ जणांपैकी १८ जणांना नंतर अँटी-टीएनएफ औषध घ्यावं लागलं, पण आतडं दुसऱ्यांदा कोणाचंच काढावं लागलं नाही. इन्फ्लिक्सिमॅबवाल्या ६५ पैकी ३१ जणांचं शेवटी ऑपरेशन झालं.

हे वाचून लगेच ऑपरेशनच्या बाजूने हुरळून जाऊ नका. तोच आकडा उलटा धरला तर ६५ पैकी ३४ जणांचं आतडं जागच्या जागी राहिलं. शिवाय यात घेतलेले पेशंट निवडक होते. गळू असलेले, आतडं फुगून अडकलेले बाहेर ठेवले होते.

दुसरा अभ्यास प्रोफाइल, ब्रिटनमधला, २०२४ चा. नव्याने निदान झालेले ३८६ पेशंट. एका गटाला सुरुवातीपासूनच इन्फ्लिक्सिमॅब आणि जोडीला प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी. दुसऱ्या गटाला पायरीपायरीने, गरज पडेल तसं वाढवत. ४८ आठवडे झाले तेव्हा पहिल्या गटातले ७९ टक्के स्टेरॉइडशिवाय, ऑपरेशनशिवाय शांत होते. दुसऱ्या गटातले फक्त १५ टक्के.

एक अभ्यास ऑपरेशनची बाजू घेतो, दुसरा औषधाची, असं वरवर वाटतं. मला मात्र दोन्ही एकाच गोष्टीवर बोट ठेवताना दिसतात. हरतं ते रेंगाळणं. अर्धवट उतरलेल्या सुजेवर स्टेरॉइडचे कोर्स देत, 'अजून तीन महिने बघू' म्हणत काढलेल्या काळात आतड्याची भिंत राठ होत जाते आणि मग ऑपरेशन होतं तेही वजन उतरलेल्या, रक्त कमी झालेल्या अंगावर. 'ऑपरेशन वाईट झालं' म्हणून जे किस्से आपण ऐकतो, त्यांतले बरेचसे उशिरा झालेल्या ऑपरेशनचे असतात असं माझं मत आहे. ठरवून केलेलं आणि रात्री दोन वाजता करावं लागलेलं, यांना एकाच मापाने मोजू नका.

औषध निवडायचं तर त्याच्याकडून काय मागायचं

स्टेरॉइड या हिशेबात धरूच नका. भडका शांत करायला ते उत्तम, आजार ताब्यात ठेवायला निरुपयोगी आणि जास्त काळ घेतलं तर हाडं, साखर, डोळे सगळ्यांची किंमत मोजून घेतं. वर्षात पुन्हा पुन्हा स्टेरॉइड लागत असेल, तर चालू असलेलं मुख्य औषध पुरत नाही हे उघड आहे. 'स्टेरॉइडवर बरी आहे' असं मी कोणाकडून ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो.

मुख्य औषधं आता बरीच आहेत. क्रोन्ससाठी इन्फ्लिक्सिमॅब १९९८ पासून वापरात आहे. नंतर अडालिमुमॅब आलं, मग वेडोलिझुमॅब, उस्टेकिनुमॅब, रिसांकिझुमॅब आणि गोळीच्या रूपात घ्यायचं उपाडासिटिनिब. इन्फ्लिक्सिमॅबचं सलाइन पहिल्या दिवशी, मग दुसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात आणि नंतर साधारण दर आठ आठवड्यांनी लागतं. हे वेळापत्रक कॅलेंडरवर मांडा आणि आपल्या नोकरीत, घरात ते बसतं का बघा. चुकवत चुकवत घेतलेलं इन्फ्लिक्सिमॅब हा सगळ्यात वाईट सौदा. मध्ये मोठा खंड पडला की शरीर त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं आणि मग तेच औषध उपयोगी पडत नाही किंवा अंगावर उठतं.

सुरू करण्याआधी क्षयरोगाची तपासणी, छातीचा एक्स-रे आणि हिपॅटायटिस बी या तपासण्या व्हायलाच हव्यात. शरीरात झोपलेला क्षयरोग या औषधांनी जागा होतो. आतड्याचा क्षयरोग आणि क्रोन्स एकाच जागी, जवळजवळ सारख्याच चेहऱ्याने भेटतात, त्यामुळे 'हा क्षय नाही हे कशावरून ठरवलं?' हा प्रश्न विचारायला संकोच करू नका. लसी आधी उरकून घ्या, कारण जिवंत लसी नंतर चालत नाहीत. अ‍ॅझाथायोप्रिन द्यायचं असेल तर टीपीएमटी आणि एनयूडीटी-१५ या तपासण्यांबद्दल विचारा. काही जणांच्या शरीरात ती गोळी नीट मोडत नाही आणि पांढऱ्या पेशी धाडकन खाली येतात. ती चालू असेपर्यंत रक्ततपासणी चुकवायची नाही.

आणि 'औषध फेल गेलं' हा शेरा सहज स्वीकारू नका. औषध हरलं की पुरेसं पोचलंच नाही? रक्तातली औषधाची पातळी आणि अँटिबॉडी तपासता येतात. पातळी कमी आणि अँटिबॉडी नाहीत, तर डोस वाढवून किंवा अंतर कमी करून बघता येतं. पातळी चांगली असूनही सूज तशीच असेल, तर त्या जातीचं औषधच तुमच्या आजाराला लागू नाही. हा फरक कळल्याशिवाय दुसऱ्या औषधावर उडी मारण्यात अर्थ नाही. पहिल्या बायोलॉजिकलने (इन्फ्लिक्सिमॅबसारख्या भारी औषधाने) दगा दिलेल्यांना पुढचं त्यामानाने कमी लागू पडतं, हेही लक्षात असू द्या.

सुरू करतानाच तपासणीची तारीख ठरवा. तीनेक महिन्यांनी लक्षणं आणि कॅलप्रोटेक्टिन, सहा ते बारा महिन्यांत पुन्हा कोलोनोस्कोपी किंवा एमआर. 'तोपर्यंत काय दिसलं तर चालू ठेवायचं आणि काय दिसलं तर सर्जनकडे जायचं?' हे डॉक्टरांकडून आधीच वदवून घ्या. तारीख नसलेलं औषध म्हणजे पुन्हा ते रेंगाळणंच.

ऑपरेशन निवडायचं तर ते काय घेतं, काय देतं

मी सर्जनना विचारलं, "डॉक्टर, किती काढणार तुम्ही?" त्यांनी रिपोर्टचा लिफाफा उलटा करून त्यावर आतड्याचं वेटोळं काढलं, दोन आडव्या रेघा मारल्या आणि म्हणाले, "बिघडलेलं तेवढं. चांगल्या आतड्याला मी हात लावत नाही, आणि लावून फायदाही नाही." हे मी नंतर वाचूनही पाहिलं. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही पेशंटांचं रोगट भागापलीकडचं २ सेंटिमीटर आतडं काढलं होतं, काहींचं १२ सेंटिमीटर. आजार परत येण्यात फरक पडला नाही. त्यामुळे 'मुळापासून साफ करून टाका' असा आग्रह आपण धरू नये.

पूर्वी रोगट भाग आत तसाच ठेवून वळसा घालून आतडं जोडायचे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचं १९५६ साली असंच ऑपरेशन झालं होतं आणि त्याच वर्षी ते पुन्हा निवडूनही आले. आता ही पद्धत सहसा वापरत नाहीत, कारण मागे राहिलेला भाग आतल्या आत बिघडत राहतो.

आतडं न कापता वाट मोकळी करायची एक युक्तीही आहे, स्ट्रिक्चरोप्लास्टी. अरुंद जागी उभा छेद घ्यायचा आणि आडवा शिवायचा, म्हणजे लांबी न गमावता रुंदी मिळते. क्रोन्समध्ये ती १९८०च्या दशकात रुजली, पण त्याआधी, १९७७ साली, क्षयरोगाने आखडलेल्या आतड्यांसाठी ती भारतीय सर्जन आर. एन. कटारिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली होती. आतडं अनेक ठिकाणी थोडं थोडं अरुंद झालं असेल किंवा आधीच आतडं गेलं असेल, तर याबद्दल जरूर विचारा.

आता धोके. सगळ्यात भीतीचा म्हणजे जोड गळणं. तसं झालं तर दुसरं ऑपरेशन आणि कदाचित स्टोमाची पिशवी, म्हणजे आतड्याचं तोंड पोटावर काढून मल गोळा करायला लावलेली पिशवी. त्याखेरीज जखमेत पू, पायात रक्ताची गुठळी, पुढे कधीतरी आतडी एकमेकांना चिकटणं, हर्निया. तुमच्या बाबतीत यातलं काय किती शक्य आहे हे सर्जनला सरळ विचारा, आणि वर्षाला क्रोन्सची किती ऑपरेशनं करता हेही. मी विचारलं तेव्हा ते रागावले नाहीत. रागावणारा सर्जन भेटला तर दुसरा शोधावा.

पिशवीच्या भीतीने लोक चांगलं ऑपरेशन पुढे ढकलतात, म्हणून हे जरा सविस्तर. ठरवून केलेल्या छोट्या तुकड्याच्या ऑपरेशनात बहुतेकांना ती लागत नाही. लागलीच तर अनेकदा तात्पुरती असते, जोड भरून आला की बंद करतात. तरी जागा आधी ठरवून घ्यावी. माझ्या पोटावर नर्सबाईंनी जांभळ्या पेनाने फुली मारली, मग मला खुर्चीवर बसवलं, वाकायला लावलं, नेहमीचे कपडे घालून कंबरेची पट्टी कुठे येते ते पाहिलं आणि फुली दोन बोटं वर सरकवली. झोपलेल्या पोटावर ठरवलेली जागा बसल्यावर घडीत जाते आणि पिशवी सुटते, म्हणून हा खटाटोप. मला पिशवी लागली नाही. फुली मात्र साबणाला दाद देईना.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ऑपरेशनने क्रोन्स जात नाही. अल्सरेटिव्ह कोलायटिस या मोठ्या आतड्याच्या आजारात मोठं आतडं काढलं की आतड्याचा आजार संपतो, क्रोन्सचं तसं नाही. तो बहुतेकदा जोडाच्या जरा अलीकडे पुन्हा डोकावतो. औषध न घेतलेल्या बहुतेकांच्या आतड्यात वर्षभरात कोलोनोस्कोपीवर छोट्या ताज्या जखमा (अल्सर) दिसू लागतात, लक्षणं मात्र त्यामानाने थोड्यांनाच असतात. म्हणजे पोट शांत आहे यावर विसंबून चालत नाही. ऑपरेशनने तुम्हाला मिळते ती कोरी पाटी, आणि तिच्यावर काय उमटतंय ते बघत राहावं लागतं.

दोघांना एकत्र बसवा

पोटरोगतज्ज्ञाला औषधं दिसतात, सर्जनला आतडं दिसतं. दोघांच्या वेगवेगळ्या खोल्यांत जाऊन आलात, तर एकाचं दुसऱ्याला सांगण्यात तुमची दमछाक होते आणि निम्मं सांगायचं राहतं. शक्य असेल तर दोघांची आणि रेडिओलॉजिस्टची एकत्र बैठक मागा. बऱ्याच मोठ्या रुग्णालयांत अशी बैठक होते, फक्त आपला पेशंट त्यात घ्या असं कोणीतरी म्हणावं लागतं. ते म्हणणारे तुम्हीच. एकत्र बैठक जमत नसेल, तर दोघांना एकच प्रश्न लिहून द्या: 'माझ्या जागी तुमची बहीण असती, तर येत्या सहा महिन्यांत तुम्ही काय केलं असतं आणि का?' उत्तरं जुळली तर सुटलात. नाही जुळली, तर कुठल्या मुद्द्यावर फाटतात ते कळतं, आणि बहुतेकदा तो मुद्दा सूज की व्रण हाच असतो.

तुमचं स्वतःचं आयुष्यही या कागदावर येऊ द्या. मूल हवं असेल तर आजार काही महिने शांत असताना राहिलेलं गरोदरपण सुखाचं जातं. अँटी-टीएनएफ औषधं साधारणपणे चालू ठेवतात, पण मेथोट्रेक्सेट (प्रतिकारशक्ती दाबणारं आणखी एक औषध) गरोदर राहण्याच्या बरंच आधी बंद करावंच लागतं. सुयांची, सलाइनची, वारंवार रक्त देण्याची धास्ती असेल तर तीही सांगा, ते लाड नव्हेत. नियमित औषध घेणं तुम्हाला जमत नाही हे तुम्हालाच ठाऊक असतं. तेही सांगा. मला स्वतःला महिनोन्महिने अर्धवट बरं राहण्यापेक्षा एकदाच मोठा त्रास परवडतो. ताईचं उलट आहे. तिच्या पोटात माझा आजार असता, तर तिने वेगळं ठरवलं असतं आणि तेही बरोबरच असतं.

ठरलं तर तयारी

सिगारेट असेल तर ती आजच बंद. क्रोन्स परत येण्याचा आणि पुन्हा ऑपरेशन लागण्याचा धोका तिने ठळकपणे वाढतो, आणि इतक्या सगळ्या गोष्टींत ही एकच पूर्णपणे आपल्या हातात असते. स्टेरॉइड शक्य तितकं उतरवा, पण डॉक्टर सांगतील तसं हळूहळू. एकदम तोडणं जिवावर बेतू शकतं. दिवसाला २० मिलिग्रॅमहून जास्त प्रेडनिसोलोन (हे स्टेरॉइडच) कित्येक आठवडे चालू असताना ऑपरेशन केलं, तर जखमा चिघळायचा धोका वाढतो. अँटी-टीएनएफबद्दल मात्र ती धास्ती कमी झाली आहे. ऑपरेशनच्या आधीच्या १२ आठवड्यांत ही औषधं घेतलेल्यांना जंतुसंसर्ग जास्त होतो का, हे ९४७ पेशंटांमध्ये पाहिलं, तर तसं आढळलं नाही. रक्त कमी असेल तर लोह भरून काढा. वजन उतरलं असेल तर काही आठवडे फक्त द्रव पोषण देऊन अंग भरून घेतात. चवीला कंटाळवाणं असतं, पण त्याने सूजही उतरते.

नंतरचं

पहिले दिवस चालायचं, खोल श्वास घ्यायचे, गुठळी होऊ नये म्हणून दिलेली इंजेक्शनं चुकवायची नाहीत. हे सगळं रुग्णालयात सांगतातच.

कमी सांगितलं जातं ते असं. लहान आतड्याचा शेवटचा भाग गेला की तिथे शोषलं जाणारं पित्त मोठ्या आतड्यात उतरतं आणि पाण्यासारखे, घाईचे जुलाब होतात. आजार परत आला म्हणून घाबरू नका. कोलेस्टिरामिनच्या पुडीने हे बरंच आटोक्यात येतं, फक्त बाकीच्या गोळ्या आणि ती पुडी यांत काही तासांचं अंतर ठेवा, नाहीतर ती त्यांनाही धरून ठेवते. बी-१२ जीवनसत्त्वही त्याच भागात शोषलं जातं. २० सेंटिमीटरहून जास्त भाग काढला असेल तर इंजेक्शनं बहुधा कायमची लागतात. किती काढलं हा आकडा डिस्चार्जच्या कागदावर आहे ना, घरी निघण्याआधी बघा. आतडं किती उरलं हेही लिहून घ्या. पुढच्या प्रत्येक डॉक्टरला हे लागणार आहे.

औषध लगेच सुरू करायचं की थांबून, हे धोक्यावर ठरतं. सिगारेट चालू आहे, आतडं फुटून किंवा फिस्टुला होऊन ऑपरेशन झालंय, आधीही एकदा कापलंय, अशांना सहसा लगेच देतात. बाकीच्यांना काही वेळा नुसतं लक्ष ठेवून चालतं. दोन्हींपैकी काहीही झालं, तरी सहा महिन्यांच्या आसपास कोलोनोस्कोपी हवीच. ती तारीख टाके काढायला जाल तेव्हाच घेऊन ठेवा. जोडाजवळ काय दिसतं ते मोजायला रुटगर्ट्सची श्रेणी वापरतात. आय-शून्य म्हणजे स्वच्छ, आय-चार म्हणजे मोठे अल्सर किंवा अरुंद झालेला भाग, आणि आय-दोनपासून पुढे बहुतेक डॉक्टर औषध सुरू करतात किंवा वाढवतात. तपासणीआधीच सांगा की ही श्रेणी रिपोर्टात लिहा आणि जोडाचे फोटो लावा. नुसतं 'सौम्य सूज' लिहिलेला कागद पुढच्या वर्षी कशाशीच ताडून बघता येत नाही.